वॉर्डात नवीन बस स्टॉप बांधताय? मग हे वाचाच

अभिनंदन भाऊ, निधी मंजूर झाला! आता सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढा, की बस स्टॉप बसची वाट बघणाऱ्यांसाठी असतो. तो समोरून कारने जाणाऱ्यांसाठी असतो. वाट बघणारा काय, कसाही उभा राहतो हो, नागपुरात मे महिन्यात विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक रांग करून माणसं उभी असतात, त्यांची काही तक्रार असते का? पण कारवाल्याला जाहिरात दिसली पाहिजे, जाहिरातीखाली तुमचं नाव, अन् नावाशेजारी तो हात जोडलेला फोटो.

जागा निवडताना भावनेच्या आहारी जाऊ नका. स्टॉप बऱ्याचदा जाहिरातीच्या हक्काच्या बदल्यातच बांधून मिळतो, ठेकेदार खर्च करतो आणि पुढे कित्येक वर्षं बोर्ड विकून वसूल करतो. म्हणजे स्टॉप कुठे हवा हे प्रवाशांनी नाही तर जाहिरातीच्या रेटने ठरवायचं. वर्धा रोडवर चकाचक स्टॉप बांधा, जिथे निम्म्या लोकांच्या घरी दोन-दोन गाड्या आहेत. आणि ज्या वस्तीतून बाया पहाटे सहाला चार घरची भांडी करायला निघतात अन् भर दुपारी परत येतात, तिथे खांब पुरतो. खांब नसला तरी चालतं, लोक पानठेल्यालाच स्टॉप म्हणतात, ड्रायव्हरलाही ते माहीत असतं.

मटेरियल स्टेनलेस स्टीलच. चमकतं, फोटोत छान येतं. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला गेला होता, तो सावलीतल्या हवेचा आकडा, उन्हातल्या स्टीलचं तुम्हीच बघा. बसायला सलग बाक चुकूनही देऊ नका, दोन गोल नळ्या द्या, जरा पुढे उतरत्या, म्हणजे कोणी झोपणार नाही. कोणी बसणारही नाही म्हणा, एखादी म्हातारी टेकली तर चटका बसून लगेच उठेल आणि जागा आपोआप रिकामी.

आता मुख्य कौशल्य, छप्पर. ते उंच आणि अरुंद ठेवा, यात तडजोड नको. कारण समजून घ्या. मे संपता संपता नागपुरात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, त्या शून्य सावलीच्या दिवशी कोणतंही छप्पर चालतं, एखादा पत्राही तेव्हा हुशार वाटतो. खरी परीक्षा तीन-चार वाजता. तेव्हा सूर्य पश्चिमेला कलतो, ऊन तिरपं येतं, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्टॉपची सावली छपराखाली नसते, मागच्या नालीत असते. माणसं उन्हात अन् नाली थंड. बाजूला एखादी जाळी, वेल किंवा खाली येणारा पडदा लावला की हे टळतं, पण एकच नकाशा सगळ्या शहरात छापायचा असतो, कोणता स्टॉप कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे बघत बसलो तर बिलं कधी निघणार? मागच्या बाजूला मात्र जाहिरातीचा सलग बोर्ड ठोका, म्हणजे जी काय वाऱ्याची झुळूक यायची तीही थांबेल.

जागेवर कडुलिंब असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. झाड लई अवघड प्रकार आहे, ते नुसती सावली देत नाही, पानांतून पाणी सोडून आजूबाजूची हवाही गार करतं, त्याला टेंडर लागत नाही, आणि वर बोर्ड झाकतं ते झाकतंच. त्यावर तुमचं नावही लिहिता येत नाही.

सावली द्यायचीच हौस असेल तर सिग्नलवर द्या. उन्हाळ्यात चौकात हिरवी जाळी टांगायची पद्धत आली आहेच. दीड मिनिट थांबणाऱ्या गाडीवाल्याला सावली, अर्धा तास बसची वाट बघणाऱ्याला चेहऱ्यावर बांधायला दुपट्टा, ज्याचा त्याचा वाटा.

कोणी मीटिंगमध्ये अहमदाबादचं नाव काढेल. तिथे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली हीट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे उन्हापासून लोकांना वाचवायचा आराखडा, आला, आणि अलीकडे लाल दरवाजाच्या बस स्टॉपला वाळ्याचे पडदे अन् पाण्याचे फवारे लावले. तुम्ही हसून घालवा. वाळा काय आपल्याला नवीन आहे, कूलरला पिढ्यानपिढ्या लावतोय. पण असलं काही केलं की रोज पाणी सोडायला, फवारे तुंबले की साफ करायला माणूस ठेवावा लागतो, आणि माणसाच्या पगाराचं उद्घाटन होत नाही!

त्यापेक्षा फॉरेनचा दाखला द्या. लॉस एंजेलिसमध्ये मे २०२३ ला 'ला सोंब्रिता' नावाची गोष्ट बस स्टॉपच्या खांबाला लावली होती, भोकं पाडलेला धातूचा अरुंद पत्रा, हेतू काय तर बायकांना बसची वाट बघणं सोयीचं व्हावं. त्याची सावली एका माणसाला जेमतेम पुरेल, तीही नीट उभं राहिलं तर. सगळ्या जगाने टिंगल केली. खरं स्टॉपचं छप्पर घालायचं तर फुटपाथची रुंदी, दहा खात्यांच्या परवानग्या, खर्च, म्हणून मग पत्रा. बघा, अमेरिकेतही आपलीच माणसं आहेत.

आणि व्हीलचेअर, आंधळे, गरोदर बाया वगैरे प्रश्न निघाले तर एक उतार बांधून टाका. त्याच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मरचा डबा असला तरी हरकत नाही, फोटो वरून काढायचा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे खरा, पण उताराचं दुसरं टोक कुठे जातं हे बघायला कोण येतंय.

राहिलं उद्घाटन. ते सकाळीच ठेवा आणि समोर मोठा मंडप टाका, पांढरा कापडी, चारी बाजूंनी झालरवाला, दोन जम्बो कूलर, गादीच्या खुर्च्या, थंड पाण्याचे जार, मठ्ठा. पाहुणे उन्हात कसे उभे राहतील? फीत कापली, भाषणं झाली की मंडपवाल्याला लगेच सामान उचलायला सांगा, त्याला संध्याकाळी दुसरीकडे लग्न आहे.