हार्डवर्किंग, ॲज एव्हिडन्स्ड बाय?

पेशंटची हिस्टरी कशी घ्यायची हे नर्सिंग कॉलेजात आमच्याकडून पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. नाव, वय, काय होतंय, कधीपासून होतंय, आधी कुठला मोठा आजार, घरात कुणाला शुगर-बीपी, भूक कशी, झोप कशी, पोट साफ होतं का. अर्ध्या रात्री उठवून विचारलं तरी क्रम चुकणार नाही. पण फायनल इयरच्या ग्रुपवर मेसेज पडला की पुण्याचं एक मोठं हॉस्पिटल कॅम्पसला येतंय, प्रत्येकीने रेझ्युमेच्या दोन कॉपी आणायच्या, आणि आमचा अख्खा मजला चिडीचूप. दुसऱ्याची हिस्टरी चार पानं लिहिणाऱ्या मुली स्वतःच्या नावाखाली काय लिहायचं म्हणून एकमेकींकडे बघत बसल्या.

तसं हॉस्टेलमध्ये रेझ्युमे कुणी लिहीत नाही, तो वारशाने मिळतो. एक वर्डची फाइल आहे, सिनियरकडून ज्युनियरकडे पेनड्राइव्हच्या काळापासून चालत आलेली. मूळची ती केरळच्या कुणा ताईची असावी, कारण येणाऱ्या भाषांमध्ये मलयाळम अजून तसंच आहे. म्हणतात की निफाडच्या एका सिनियरने ते न खोडताच फाइल प्रिंट केली आणि इंटरव्ह्यूला समोर मेट्रन मॅडम नेमक्या कोट्टायमच्या निघाल्या, आनंदाने मलयाळममध्येच सुरू झाल्या, आणि ही बिचारी द्राक्षाच्या गावची पोरगी नुसती मान हलवत राहिली. खरं खोटं देव जाणे, पण तिला नोकरी लागली हे खरं आहे. मान हलवणं हे पण स्किलच आहे म्हणा.

त्या फाइलमुळे झालंय काय, की आमच्या सगळ्या बॅचचं आयुष्यातलं ध्येय एकच आहे. टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट व्हेअर आय कॅन युटिलाइज माय स्किल्स फॉर द ग्रोथ ऑफ द ऑर्गनायझेशन. छंद पण सगळ्यांचे तेच, म्युझिक ऐकणं, कुकिंग, ट्रॅव्हलिंग. हॉस्टेलला शेगडी लावली तर दंड आहे, आणि ट्रॅव्हलिंग म्हणजे नाशिकच्या सीबीएसपासून कॉलेजपर्यंत सिटीलिंकच्या बसला लोंबकळणं. फोटोचा वेगळाच घोळ. आईचं म्हणणं, युनिफॉर्मवर नको, साडीवर काढ, म्हणजे दोन्हीकडे चालेल. दुसरीकडे म्हणजे कुठे हे मी विचारलं नाही, कारण मावशी फोनवर मागून उंची विचारत होती.

मग मी ठरवलं की आपण स्वतः लिहायचं, आणि हिंजवडीच्या दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, आयटीत आहे, चार कंपन्या बदलून झाल्यात, त्यामुळे रेझ्युमे या विषयात घराण्यात त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, हे बघ, आता कुणी "केलं" असं लिहीत नाही. ॲक्शन व्हर्ब पाहिजेत आणि आकडे पाहिजेत. सांग, गेल्या सहा महिन्यांत तू काय अचीव्ह केलंस?

मी म्हटलं, एका आजोबांचा बेडसोर भरून येत होता. मेडिसिन वॉर्डला होते, माकडहाडाजवळ पडून पडून जखम झाली होती, आम्ही दर दोन तासांनी पोझिशन बदलायचो, ड्रेसिंग करायचो, त्यांच्या सुनेला पण शिकवलं.

"ग्रेट! किती पर्सेंट इम्प्रूव्हमेंट?"

"पर्सेंट नसतं रे, स्टेज असते. स्टेज थ्री होता."

"मग लिही ना, रिड्यूस्ड फ्रॉम स्टेज थ्री टू स्टेज टू."

"तसं नाही लिहीत. बेडसोरची स्टेज उलटी मोजत नाहीत, बरा होत आला तरी तो बरा होत असलेला स्टेज थ्रीच असतो."

दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, तुमच्या फील्डमध्ये प्रमोशन होतं की नाही?

खरी अडचण इथेच आहे आणि ती दादाला काही केल्या कळेना. आम्हाला चार वर्षं जे लिहायला शिकवलंय ते रेझ्युमेच्या बरोब्बर उलटं आहे. नर्सेस नोट्सचे नियम काय, तर जे केलं तेच लिहायचं, करायच्या आधी लिहायचं नाही, वेळ टाकायची, सही करायची, दुसरीने केलेलं आपल्या नावावर लिहायचं नाही, विशेषणं लावायची नाहीत. पेशंट चिडचिडा आहे असं लिहिलं की मॅडम विचारणार, म्हणजे नक्की काय करतोय? सलाईन उपटतोय का, जेवण नाकारतोय का? ते लिही. लिहिताना चुकलं तर गिरवायचं नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही, कारण ती फाइल उद्या कोर्टातसुद्धा जाऊ शकते. एक आडवी रेघ, शेजारी सही, पुढे चला. आणि आता हाच हात अचानक लिहिणार, डायनॅमिक, पॅशनेट, रिझल्ट-ओरिएंटेड! कुणी बघितलं? किती वाजता? सही कुणाची?

आमच्या लॉगबुकला प्रत्येक प्रोसिजरपुढे रकाने असतात, नुसतं पाहिलं, मदत केली, की स्वतः केलं, आणि पुढे इन्स्ट्रक्टरची सही. एकदा सिव्हिलच्या पोस्टिंगला लंबर पंक्चर, म्हणजे कमरेत मणक्यातून सुईने पाणी काढणं, होतं तर आम्ही सगळ्या त्या बेडभोवती अशा दाटून उभ्या राहिलो की डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, पेशंट कुठाय? मला मागून फक्त पेशंटचा अंगठा दिसला. पायाचा. लॉगबुकला मी प्रामाणिकपणे "पाहिलं" असं लिहिलं, आणि ते लिहितानाही मन खात होतं. दादा म्हणतो, रेझ्युमेत हे "असिस्टेड इन इन्व्हेजिव्ह प्रोसिजर्स" असं येतं. आणि त्याने ते एआयला देऊन अजून सुधारून आणलं, त्यात मी मल्टिडिसिप्लिनरी टीमचं नेतृत्व केलं होतं. वॉर्डमध्ये विद्यार्थिनी कुणाचं नेतृत्व करते हे मला एकदा त्या एआयला नाइटला नेऊन दाखवायचंय. इंचार्ज सिस्टर, स्टाफ, इंटर्न, वॉर्डबॉय मामा, आया मावशी आणि मावशींचा मोबाइल चार्जरला लावायची जागा, या सगळ्यांच्या खाली आमचा नंबर लागतो.

पण आकड्याचं दादाचं म्हणणं मात्र मला पटलं. आमच्या नव्या सिलॅबसला शेवटच्या सेमिस्टरला बावीस आठवड्यांची इंटर्नशिप आहे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १०५६ तास. त्याआधीच्या सगळ्या पोस्टिंग वेगळ्या. मेडिकल, सर्जिकल, पेडियाट्रिक, लेबर रूम, सायकियाट्री, कम्युनिटी. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या, रस्त्यात दोन गाड्या बदललेल्या बायांच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठाय ते आम्ही सांगतो. सलाईनसाठी शिरेत घालायचं गुलाबी इंट्राकॅथ वीस नंबरचं, निळं बावीसचं, पिवळं चोवीसचं, हे आता रंगांचीही नावं वाटत नाहीत. सुई कुठे, कापूस कुठे, काच कुठे, पिवळी पिशवी, लाल पिशवी, पांढरा डबा, निळा डबा, हे इतकं अंगात भिनलंय की घरी गेल्यावर केळीची साल टाकताना हात थबकतो. एवढं सगळं करून रेझ्युमेच्या अनुभव या रकान्यात काय येतं? फ्रेशर. शून्य वर्ष. कारण अनुभव मोजायला सुरुवात होते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आल्यावर, आणि ते येतं विद्यापीठाचा निकाल लागल्यावर, तोपर्यंत त्या ओळीत आम्ही सगळ्या "अवेटेड" लिहितो. बीएलएस, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचं सर्टिफिकेट तेवढं आहे. प्लास्टिकच्या पुतळ्याची छाती मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबून मिळवलेलं, पण त्यालाही दोन वर्षांची मुदत, म्हणजे माझ्या रेझ्युमेवर एकच गोष्ट पक्की आहे आणि तिच्यावर औषधाच्या पट्टीसारखी एक्सपायरी छापलीय.

शेवटी मधला मार्ग काढून एक ड्राफ्ट केला आणि आमच्या मॅडमना दाखवायला नेला. मॅडम चांगल्या आहेत पण त्यांच्या हातात लाल पेन आला की समोर काय आहे हे त्या बघत नाहीत, सगळं त्यांना केअर प्लॅनच दिसतं, म्हणजे पेशंटच्या काळजीचा आम्ही लिहितो तो आराखडा. केअर प्लॅनमध्ये नर्सिंग डायग्नोसिस कसं लिहितात, तर त्रास काय, कशामुळे, आणि कशावरून म्हणताय. "ॲज एव्हिडन्स्ड बाय" आलं नाही की अख्खं पान परत. तर मॅडमनी पहिल्याच ओळीतल्या "हार्डवर्किंग"खाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ॲज एव्हिडन्स्ड बाय? पुढे "गुड टीम प्लेअर", परत, ॲज एव्हिडन्स्ड बाय? "कीन लर्नर" वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, बहुतेक त्यांना माझे फार्मॅकॉलॉजीचे मार्क आठवले, आणि काही न लिहिता नुसतंच गोल केलं. खाली शेरा होता, गोल्स मेजरेबल नाहीत, रिव्हाइज अँड रिसबमिट.

एकच गोष्ट त्यांनी स्वतःहून घालायला लावली. भाषांमध्ये मी मराठी, हिंदी, इंग्लिश लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, अगं तू साक्रीची ना, अहिराणी का नाही लिहिलीस? मी म्हटलं, मॅडम ती कोण रेझ्युमेत लिहितं. तर त्यांनी सर्जिकल वॉर्डच्या त्या आजीची आठवण काढली. सटाण्याकडची आजी, ऑपरेशननंतर दुसरा दिवस, कुणाशी बोलेना, दुखतंय का विचारलं की भिंतीकडे तोंड. राउंडला सगळे "पेन स्कोअर किती, शून्य ते दहा सांगा" म्हणून बघत होते. मी नुसतं म्हटलं, "काय व्हई राह्यनं माय?" आणि आजी जी सुटली! टाके, गॅस, सुनेचा स्वभाव, बोअरचं पाणी, सगळं. पेन स्कोअर त्यातून आम्हीच काढला. मी अहिराणी लिहिली. रूममेटने विचारलं, पुण्याच्या हॉस्पिटलात याचा काय उपयोग? मी म्हटलं, खान्देशातली लोकं आजारी पडून पुण्याला जात नाहीत का.

इंटरव्ह्यूच्या दिवशी प्रिंट हातात, इस्त्रीचा युनिफॉर्म, अंबाडा इतका घट्ट की भुवया वर गेलेल्या. आत दोघं होते. एचआरच्या सरांनी माझा रेझ्युमे हातात घेतला, फोटो बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, नाइट करणार का, हॉस्टेल लागेल का, बॉण्ड चालेल का, आणि अगदी सहज हवापाण्याचं विचारल्यासारखं, लग्नाचं काही चाललंय का घरात? माझ्या वर्गातल्या एकुलत्या एक मुलाला हा शेवटचा प्रश्न आला नाही, मी नंतर चौकशी केली. त्याला विचारलं, पेशंट उचलता येतात ना?

शेजारच्या नर्सिंग सुपरिंटेंडंट मॅडमनी मात्र कागद ओढून घेतला. माझा जीव वर आला, दादाचे ॲक्शन व्हर्ब, आपल्या मॅडमचे एव्हिडन्स, सगळं आता कामाला येणार. त्यांनी कागद उलटा केला. मागची कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली, पेन दिला आणि म्हणाल्या, ५०० एमएल आरएल सलाईन, आठ तासांत द्यायचंय, २० थेंबांचा सेट, मिनिटाला किती थेंब? मी मांडलं, पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी, वीस पॉइंट आठ, एकवीस. पोटॅशियम क्लोराइड पुश देशील का, थेट शिरेत? नाही मॅडम, कधीच नाही, डायल्यूट करूनच, हळू. बरं, कालच्या तुझ्या पेशंटचा ओव्हर दे, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगतो ते सगळं. मी दिला. बेड नंबर, वय, डायग्नोसिस, दिवस कितवा, ड्रेन किती, युरीन किती, कुठलं अँटिबायोटिक कधी ड्यू, नातेवाईक कोण आणि त्यातला भांडकुदळ कोण. मॅडम हसल्या आणि त्याच कोऱ्या बाजूला कोपऱ्यात बरोबरची खूण केली. पुढची बाजू त्यांनी वाचली की नाही मला आजही माहीत नाही.

बाहेर आले तर एचआरची एक मुलगी गठ्ठा घेऊन उभी. हॉस्पिटलचा स्वतःचा फॉर्म. चार पानं, काळ्या पेनने, कॅपिटलमध्ये, नाव, पत्ता, शिक्षण, भाषा, छंद, म्हणजे जे रेझ्युमेत आहे तेच सगळं परत हाताने. त्यात पाच ओळींचा अनुभवाचा तक्ता आणि शेवटी रकाना, आधीची नोकरी सोडण्याचं कारण. आम्ही सगळ्या पॅसेजमध्ये मांडीवर फॉर्म घेऊन बसलो. माझ्या शेजारणीने घाईघाईत जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकली, जीभ चावली, आणि एचआरच्या मुलीला हळूच विचारलं, मॅम व्हाइटनर आहे का?

अख्खा पॅसेज एका सुरात ओरडला, "अगं ए, रेघ मार आणि सही कर!"