मध्येच थांबला की ट्यूबवर खापर फोडू नका

लेझर कटर अर्धं काम करून थांबला तर काय करायचं, याचं एक पाच कलमी टिपण बरंच फिरतंय. त्याचा सारांश असा: यंत्र मध्येच थांबलं म्हणजे ट्यूब (लेझर किरण तयार करणारी काचेची नळी) संपली. खात्री करायची तर पॉवर १०० टक्क्यांवर नेऊन बघा. पाण्याचा सेन्सर उगाच अडवतो, त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका. निम्मं काम नीट झालं असेल तर फाइल, केबल, कॉम्प्युटर यांचा काही संबंध नाही. आणि शेवटी, थांबलं तिथूनच पुन्हा सुरू करून उरलेलं कापून घ्या.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळण्यासारखं नाही. एक तर धडधाकट ट्यूब फोडायला लावणारं आहे.

ट्यूबपासून सुरुवात करू. टिपणात एक प्रश्न विचारलेलाच नाही: हेड, म्हणजे किरण सामानावर सोडणारा फिरता भाग, थांबलं, की हेड फिरत राहिलं आणि नुसता किरण बंद झाला? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. काचेची कार्बन डायऑक्साइड ट्यूब असलेल्या नेहमीच्या यंत्रात कंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारं बोर्ड, पॉवर सप्लायला 'चालू कर, इतकी पॉवर दे' असा संकेत पाठवतो. ट्यूबमधून खरंच किरण निघाला का, याची खबर कंट्रोलरकडे परत येत नाही. ट्यूब कामाच्या मधोमध मेली तरी हेड ठरलेल्या वाटेने शेवटपर्यंत जाईल आणि पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं दिसेल. हेडच जागच्या जागी उभं राहिलं असेल तर 'ट्यूब संपली' हा संशय यादीतून वगळा.

हेड फिरतंय पण कापत नाही, अशा वेळीही आधी ट्यूबमधला करंट दाखवणारा मिलिअँपिअर मीटर बघा. काटा शून्यावर असेल तर ट्यूबमधून करंटच वाहत नाही, म्हणजे शोध आधी पॉवर सप्लाय, झाकणाचा स्विच आणि पाण्याचा स्विच यांच्याकडे वळतो. काटा नेहमीइतका चढतोय आणि तरीही कापत नाही, तेव्हा आरसे आणि लेन्स तपासून मग ट्यूबवर या. म्हातारी होणारी ट्यूब सहसा आधीपासून कुरकुरते: त्याच जाडीला दर काही आठवड्यांनी पॉवर थोडी वाढवावी लागते, आतल्या झोताचा जांभळट गुलाबी रंग फिका पडत जातो.

हा समज पसरण्याचं कारण मात्र मला कळतं. यंत्र थांबतं, अर्धा तास विश्रांती दिली की पुन्हा कापायला लागतं, आणि माणूस म्हणतो, ट्यूब थकली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पाणी तापलेलं असतं. पाणी तापलं की ट्यूबची ताकद घटते, निवलं की परत येते. चिलरच्या, म्हणजे ट्यूबचं पाणी निववणाऱ्या पेटीच्या, बाबतीत इथे एक गफलत नेहमी होते. सीडब्ल्यू-३००० हा नुसता पंखा आणि रेडिएटर आहे, तो पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. सीडब्ल्यू-५००० मध्ये कॉम्प्रेसर असतो. दोन्ही पेट्या दिसायला सारख्या, म्हणून लोक पहिल्याकडून दुसऱ्याचं काम मागतात.

१०० टक्के पॉवरच्या सल्ल्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. के-४० जातीच्या छोट्या, स्वस्त यंत्रांचा पॉवर सप्लाय ट्यूबला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट देऊ शकतो. ४० वॉटच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूबला सततच्या कामात साधारण १५ ते १८ मिलिअँपिअरच्या वर नेऊ नये. आजारी यंत्राची परीक्षा म्हणून ती मर्यादा ओलांडली तर निदान होत नाही, नवा आजार मात्र जडतो.

पाण्याच्या सेन्सरचं कलम सगळ्यांत घातक. फ्लो स्विच, म्हणजे हाच सेन्सर, यंत्र थांबवतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. नळी कुठे दुमडली आहे का, फिल्टरमध्ये शेवाळ आहे का, पंप हवा ओढतोय का, हे बघा. ट्यूबमध्ये बुडबुडा अडकला असेल तर पाणी बाहेर पडण्याचं तोंड वरच्या बाजूला येईल अशी ट्यूब फिरवून तो घालवा. आणि हा स्विच कुठे जोडलाय त्यावर लक्षणं बदलतात. कंट्रोलरला जोडला असेल तर काम थांबून पडद्यावर पाण्याची सूचना येते. पॉवर सप्लायला जोडला असेल तर हेड चालूच राहतं आणि प्रवाह क्षणभर अडखळला की कापाच्या रेषेत तेवढीच फट राहते. तुटक तुटक कापलेली रेषा दिसली की माझा हात आधी पाण्याच्या नळीकडे जातो.

स्विचच बिघडल्याचा संशय असेल तर वायरी जोडून टाकायची गरज नाही. यंत्राची वीज काढा, फक्त पंप चालू ठेवा आणि स्विचच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून संपर्क टिकतोय का ते पाहा. पाण्याविना पेटलेली ट्यूब तडकायला वेळ लागत नाही. ट्यूबच्या उच्चदाबाच्या टोकाशी मात्र मीटर घेऊन जाऊ नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही काही काळ चार्ज राहू शकतो.

आता 'निम्मं झालं म्हणजे फाइल आणि केबल ठीक' हा दावा. जीआरबीएल या कंट्रोलरमधल्या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारी छोटी यंत्रं, विशेषतः डायोड लेझर, अख्खी फाइल आधी घेत नाहीत. कॉम्प्युटर एकेक ओळ पाठवत राहतो. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर ही आवक धरून ठेवायची जागा फक्त १२८ बाइट आहे, म्हणजे मोजक्याच ओळी. कॉम्प्युटर झोपी गेला, यूएसबी पोर्टची वीज बचतीसाठी बंद झाली, लांबलचक केबलने कॉम्प्रेसरचा विद्युत गोंगाट उचलला, की हेड उभं. रुइडासारखा कंट्रोलर फाइल स्वतःच्या मेमरीत घेतो. ती एकदा पोचली की कॉम्प्युटर बंद केला तरी काम चालतं. तिथे केबलला दोष देणं तितकंच चुकीचं.

खरी गंमत थांबण्याच्या जागेत आहे, आणि टिपणात तिचा उल्लेखही नाही. तीच आकृती टेबलावर दुसरीकडे सरकवून, किरण बंद ठेवून चालवा. आकृतीतल्या त्याच बिंदूवर थांबली तर फाइल किंवा डेटा बघा. आकृती सरकली तरी टेबलावरच्या त्याच जागी थांबली तर केबल चेनमधली (हेडबरोबर वळणाऱ्या वायरींच्या साखळीतली) आतून तुटलेली वायर, पट्ट्यावरचा कचरा, घट्ट झालेलं चाक यांतलं काहीतरी आहे. वायर तुटलेली असेल तर विशिष्ट वळणावरच संपर्क सुटतो, सरळ ठेवून तपासली तर ठणठणीत निघते. जागा कुठलीही असो, ठरावीक वेळानेच थांबत असेल तर बहुधा उष्णता. कशाचाच मेळ लागत नसेल तर सैल जोड, कच्चं अर्थिंग किंवा गोंगाट. किरण बंद असताना काम नीट पूर्ण होतं आणि चालू केल्यावर अडतं, तेव्हा उच्चदाबाच्या बाजूकडे शंका वळवायला हरकत नाही.

जीआरबीएल थांबताना बहुधा कारणही सांगतं. अलार्म १ म्हणजे हेड कडेला पोचल्याचं सांगणारा लिमिट स्विच दाबला गेला, निदान त्याला तसं वाटलं. हेड कडेपासून लांब असताना हा अलार्म आला तर स्विचच्या वायरीत गोंगाट घुसतोय, तिथे शिल्ड असलेली वायर टाका. अलार्म २ म्हणजे फाइल यंत्राच्या हद्दीबाहेर जायला सांगतेय. संदेश न वाचता खिडकी बंद करणारे लोक मग ट्यूबची चौकशी करत फिरतात.

राहिलं शेवटचं कलम. या यंत्रांच्या स्टेपर मोटरना आपण कुठे आहोत हे कळत नाही, त्या फक्त पावलं मोजतात. अलार्म १ नंतर किंवा वीज गेल्यानंतर ती मोजदाद भरवशाची राहत नाही. पत्रा किंवा प्लाय जागचा न हलवता आधी होमिंग करा (हेड ठरलेल्या कोपऱ्यात नेऊन मोजदाद नव्याने सुरू करा), मूळ बिंदू लावा, मगच उरलेल्या ओळी चालवा. त्याआधी थांबलेल्या जागी जळका खड्डा पडलाय का तेही बघा. एम३ या, किरण एकसारखा चालू ठेवणाऱ्या आज्ञेवर चालणाऱ्या जीआरबीएल यंत्रात ओळी यायच्या थांबल्या तरी किरण पेटलेलाच राहू शकतो आणि ॲक्रिलिक तिथल्या तिथे पेट घेऊ शकतं. सेटिंगमधला लेझर मोड चालू करून एम३ऐवजी एम४ ही आज्ञा वापरली तर हेड थांबताच किरणही बंद होतो.