कायदा कशाला, करार करा!

कामगारांच्या प्रश्नावर काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं, पण व्हायला काहीच नको, अशी नाजूक जबाबदारी तुमच्यावर आली आहे का? मग सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात एक ऐच्छिक करार घडवून आणा. कायदा म्हटला की निरीक्षक आला, दंड आला, कोर्टकचेरी आली. करारात फक्त फोटोग्राफर येतो.

मसुद्याकडे मात्र जातीने लक्ष द्या. कामगार संघटना लिहून आणेल : ‘उन्हात काम करणाऱ्यांना दर दोन तासांनी सावलीत विश्रांती द्यावी.’ अजिबात वाद घालू नका. आधी ‘शक्य तेथे’ घाला. चहा झाल्यावर ‘कामाची निकड लक्षात घेऊन’ घाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘द्यावी’ जाऊन ‘देण्यासाठी प्रयत्नशील राहावे’ येतं आणि त्या गडबडीत दोन तास कुठे गळले, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ऊन तेवढं कायम राहतं. त्याची सही घेतलेली नसते.

कायद्याचा धाक मात्र चुकूनही दाखवू नका. १९८२ मध्ये नेदरलँड्समधल्या वासेनारला मालक आणि कामगार संघटनांनी करार केला : पगारवाढीला आवर, बदल्यात कामाचे तास कमी. आणि तो चक्क अमलातही आला! कारण सरकारने आधीच बजावलं होतं, तुमचं जमलं नाही तर पगार आम्ही गोठवू. असला दम दिला की माणसं खरंच काहीतरी ठरवून बसतात.

त्यापेक्षा युरोपियन आयोगाचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या कार्यकारी मंडळाचा, कित्ता गिरवा. युरोपियन युनियनमध्ये असे करार सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक करण्याची सोय आहे. पालकत्व रजेचा १९९५ चा करार तसा झालाही. घरून काम (२००२) आणि कामाचा ताण (२००४) यांवरचे करार मात्र ज्याने त्याने आपापल्या रीतीने राबवायचे ठरले. पुढे २०१५ मध्ये सदस्य देशांच्या केंद्रीय प्रशासनातल्या कर्मचाऱ्यांना माहिती आणि सल्लामसलतीचा हक्क देणारा करार झाला. तो बंधनकारक करा, म्हणून दोन्ही बाजूंनी आयोगाला जोडीने विनंती केली. (मालक-कामगारांचं एकमत! असं विपरीत कधीतरीच घडतं.) २०१८ मध्ये आयोगाने नकार दिला, आणि २०२१ मध्ये युरोपियन न्यायालयाने तो कायम केला. म्हणजे सहमती फारच झाली, तरी उपाय आहे.

राहता राहिला आढावा. त्यासाठी समिती नेमा आणि फॉर्म मालकांनाच भरू द्या. प्रश्न एकच ठेवा : ‘आपण प्रयत्न केलात का?’ पर्याय दोन : ‘हो’ आणि ‘हो, पुष्कळ’.