बी केस कुणी वाचत नाही

भाचीने परवा विचारलं, "मामा, एमबीए करू का?" मी लगेच हो म्हटलं आणि मग तासभर बोलतच सुटलो. ती कधीच उठून गेली. उरलेलं तुमच्या माथी.

एमबीएवर दोन भाषणं ठरलेली आहेत. 'पैसे वाया, सगळं यूट्यूबवर मिळतं' हे पहिलं आणि 'शिक्षण बिक्षण ठीक, ओळखी महत्त्वाच्या' हे दुसरं. दोन्ही ऐकून कान किटले. माझी तक्रार वेगळीच आहे. निर्णय कसा घ्यायचा हे तिथे फार छान शिकवतात. निर्णय घेतल्यानंतर काय होतं, ते मात्र वेळापत्रकातच नसतं.

पहिल्या वर्षीची एक केस, म्हणजे वर्गात चर्चेला दिलेली एखाद्या कंपनीच्या पेचाची हकीकत, अजून आठवते. सुटे भाग बनवणारी कंपनी, तीन कारखाने, त्यातला एक तोट्यात. पंचवीस पानं, त्यातली नऊ नुसत्या तक्त्यांची. मी रात्र जागून हिशोब मांडला, सकाळी सरांनी नेमकं माझंच नाव घेतलं (याला कोल्ड कॉल म्हणतात, पोटात गोळा येतो, दुसऱ्या वर्षीही येतोच) आणि मी उभ्या उभ्या कारखाना बंद करून टाकला. सरांनी फळ्यावर 'बंद' लिहून खाली रेघ ओढली. सीपीचे, म्हणजे वर्गात तोंड उघडण्याचे, मार्क भरघोस मिळाले. ऐंशी मिनिटांत विषय संपला आणि आम्ही फायनान्सच्या तासाला पळालो.

केसचे बऱ्याचदा ए आणि बी असे भाग असतात. ए केस निर्णयाच्या तोंडाशी येऊन थांबते. पुढे खरंच काय घडलं ते बी केसमध्ये, दोन-तीन पानांत उरकलेलं. ती वाटतात तास संपताना, सगळे बॅगा भरत असताना.

ही पद्धत हार्वर्डने रुजवली. तिथलं बिझनेस स्कूल 1908 सालचं, पण केसवर शिकवण्याचा जम बसला तो 1920 च्या दशकात. मूळ कल्पना कायद्याच्या शिक्षणातली. तिथे ती शोभते, कारण निकाल लागला की खटला संपतो (अपिलं सोडून द्या). कंपनीत निकाल लागला की खरी कटकट सुरू होते.

हेन्री मिंट्झबर्ग या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने पाच बड्या अधिकाऱ्यांसोबत एकेक आठवडा राहून ते दिवसभर करतात तरी काय, याची नोंद केली होती. 1973 मध्ये ते छापून आलं. निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकलेली. फोन, दारात उभा असलेला कुणीतरी, पुन्हा फोन. आणि आम्ही ऐंशी मिनिटं एकाच निर्णयावर, तेही मध्ये कुणी हाक न मारता.

फ्रेमवर्कांबद्दल, म्हणजे धंद्याचा विचार करायच्या तयार साच्यांबद्दल, फार बोलत नाही. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीचा 1970 चा तो चार खणांचा चौकोन मात्र विसरता येत नाही. कंपनीचा प्रत्येक धंदा त्यातल्या एका खणात टाकायचा. बाजाराची वाढ कमी, त्यात आपला वाटाही कमी, असा धंदा म्हणजे 'डॉग'. परीक्षेत आम्ही हौसेने डॉग शोधायचो. नंतर मी ज्या विभागात नोकरीला लागलो तो कुणाच्या तरी स्लाइडवर डॉग होता. आम्हाला कुणी तसं सांगितलं नाही. फक्त सोडून गेलेल्याच्या जागी नवा माणूस मिळेना आणि प्रिंटर बदलून येईना.

या सगळ्याला एकच तास अपवाद होता. बिअर गेम. एमआयटीतल्या मंडळींनी 1960 च्या सुमारास काढलेला हा खेळ. बिअर फक्त नावापुरती. दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चौघे एका टेबलाला बसतात. बोलायचं नाही, ऑर्डरची चिठ्ठी तेवढी पुढे सरकवायची. माल पोचायला आठवडे लागतात. मी कारखाना होतो. काही फेऱ्यांनंतर ऑर्डरी फुगायला लागल्या, मी जीव तोडून माल काढला, आणि तो तयार झाला तेव्हा चिठ्ठी आली शून्याची. पुढचीही शून्य. समोर पेट्यांचा ढीग, आणि मी वितरकाकडे असा बघतोय जसं काही त्याने माझं घर लुबाडलं. शेवटी पत्ते उघडले. गिऱ्हाइकाची मागणी चार पेट्यांवरून आठवर गेली होती, एकदाच. नंतर शेवटपर्यंत आठच. बाकी सगळा राडा आम्ही चौघांनी मिळून घातलेला. त्या दिवशी तास संपला तरी बॅग भरायला कुणी उठलं नाही.

भाचीला एवढंच सांगायचं राहिलं: कॉस्टिंग आणि ऑपरेशन्स मन लावून कर, स्ट्रॅटेजीचा दुसरा पेपर टाळलास तरी चालेल. इंटर्नशिप अशा ठिकाणी घे जिथे माल बनतो, जिथे त्याच्या स्लाइड बनतात तिथे नको.

गेल्या महिन्यात जुन्या फायलीत त्या कारखान्याची बी केस सापडली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कंपनीनेही तो बंदच केला होता. काम उरलेल्या दोन कारखान्यांवर गेलं, त्यांना ते झेपेना, आणि वाचलेले पैसे वर्षभरात ओव्हरटाइममध्ये गेले. माझ्या हिशोबात ओव्हरटाइमची ओळच नव्हती. सरांना मेल टाकावा असं वाटलं होतं, पण सीपीचे मार्क आता परत कसे करणार?