दोन आठवडे आफ्रिकेला जाऊन पाण्याचं काम शिकता येत नाही

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं हल्ली विचारतात, "ताई, आफ्रिकेत व्हॉलंटियरिंग केलं तर सीव्हीला फायदा होईल का?" होईल, नक्की होईल. पण किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षं राहायची तयारी असेल तरच जा. पैसे भरून दोन-तीन आठवडे 'सेवा' करायची जी पॅकेजं विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मी उत्तर युगांडात, गुलूच्या आसपासच्या गावांत पाणीपुरवठ्याचं काम केलं. तिथे बोअरवर जो हातपंप दिसतो त्याला यू-टू म्हणतात. तो मुळात आपला इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी घडवलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हे मॉडेल तयार झालं.

पंप बसवायला फार दिवस लागत नाहीत. पाणी येतं, गाव जमतं, फोटो निघतो आणि पाहुणे परत जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्या भागात बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी आम्लधर्मी आहे, ते जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून खातं. काही महिन्यांत सकाळचं पहिलं पाणी तांबडं यायला लागतं. कपड्यांवर डाग पडतात, शिजवलेलं काळपट दिसतं. बायका तक्रार घेऊन कुठे जात नाहीत, गुपचूप पुन्हा ओढ्यावर जायला लागतात. नोंदवहीत पंप 'चालू', आणि पंपावर हंडा घेऊन कुणी नाही!

हे मला तिथल्या हँडपंप मेकॅनिकने शिकवलं. सायकलला पाने बांधून गावोगाव फिरणारा माणूस. वर काढलेल्या पाइपचे आटे अंगठ्याने चाचपून तो सांगायचा, हा अजून एक पावसाळा काढेल, हा काढणार नाही. स्टेनलेस स्टीलच्या पाइपला पैसे कुठून आणायचे, पेरणीच्या दिवसांत पाणी समितीची वर्गणी का थांबते, खजिनदारावरचा विश्वास एकदा उडाला की साधं वॉशर बदलायलाही कुणी पैसे का देत नाही, हे सगळं वर्ष उलटल्याशिवाय समोरच येत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला नेमकं याबद्दलच खोदून खोदून विचारलं गेलं.

म्हणून मुदतीला मी इतकं महत्त्व देते. पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेत १९६१ पासून साधारण हीच रीत आहे: तीनेक महिने प्रशिक्षण, तिथली भाषा, मग दोन वर्षं काम. ती मंडळी आपल्याकडेही यायची. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर नर्स होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या विक्रोळीच्या गोदरेज कॉलनीत काम करायला आल्या आणि जवळजवळ दोन वर्षं राहिल्या. पीस कोअर फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे, पण १९७० साली स्थापन झालेल्या यूएन व्हॉलंटियर्स या संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून आपल्याला जाता येतं आणि राहण्या-खाण्याचा मासिक भत्ताही मिळतो. घरून पैसे मागायची गरज नाही, हे मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

अनाथाश्रमात मुलांना शिकवायची पॅकेजं तर कटाक्षाने टाळा. कंबोडियात अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफने केव्हाच दाखवून दिलंय. पैसे देणारे पाहुणे येत राहतात म्हणून लेकरं घरापासून तुटतात. याची मला मनापासून चीड येते.

आणि जे काम गावातला गवंडी करू शकतो, ते करायला आपण विमानाने जायचं नाही. त्याची मजुरी बुडते.

कुठल्याही संस्थेला होकार देण्याआधी एवढं विचारा: पाच वर्षांपूर्वी तुम्ही बसवलेले पंप आज कोण बघतं? दुरुस्तीचे पैसे कोण देतं? मी ज्याच्या हाताखाली शिकणार तो स्थानिक माणूस कोण? उत्तरं सरळ मिळाली तरच अर्ज भरा.