टॅक्सचा पेपर, चार तासांची झोप आणि एक फॉरवर्ड

सीएच्या परीक्षेचा अटेम्प्ट जवळ आला की फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: ताण हेच इंधन, टॅक्सचं प्रत्येक कलम पाठ करा, चार तासच झोपा, चवथ (गणेश चतुर्थी) विसरा, आणि हे झेपत नसेल तर सीए तुमच्यासाठी नाही. खाली सिंहाचा फोटो. सिंहाबद्दल तक्रार नाही, बाकीच्याबद्दल आहे.

‘ताण हेच इंधन.’ थोडा ताण हवाच. पण 1908 साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देत शिकवून पाहिलं, तेव्हा काम कठीण असताना सौम्य झटकाच जास्त उपयोगी पडला. उंदरांवरून माणसांबद्दल फार बोलू नये. तरी कॅपिटल गेन्सचं, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरच्या कराचं, गणित सोप्या कामांत मोडत नाही, एवढं नक्की.

‘प्रत्येक कलम पाठ करा.’ टॅक्सच्या ताणाचं खरं मूळ इथे आहे. या विषयात पायाखालची जमीनच हलत असते. दरवर्षी फायनान्स अ‍ॅक्ट, मधूनच जीएसटीच्या अधिसूचना, आणि आता 1961 च्या कायद्याच्या जागी 1 एप्रिल 2026 पासून 536 कलमांचा नवा आयकर कायदा. ‘सगळं’ म्हणजे नेमकं किती हेच ठाऊक नसलं की छाती धडधडणारच. पण परीक्षेला ‘सगळं’ नसतंच. कोणत्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या, हे परीक्षा घेणारी सीए इन्स्टिट्यूट आधीच जाहीर करते. आरटीपी (उजळणीचे प्रश्न) आणि स्टॅट्युटरी अपडेट (कायद्यातले बदल) तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंटरला, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेला, 50 गुण आयकराचे, 50 जीएसटीचे. त्यांतले 30 एमसीक्यूचे, आणि तिथे उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. ही कुंपणं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मग रात्री अकराला टेलिग्रामवर आलेली ‘लेटेस्ट अमेंडमेंट’ उघडावीशी वाटणार नाही.

शिवाय नुसतं पाठांतर पुरत नाही. जुन्या कायद्यातलं कलम 5अ आपल्या गोव्याचंच. पोर्तुगीज नागरी कायद्यातल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या पती-पत्नीचं भाडं, व्याज, धंद्याचा नफा निम्मा-निम्मा वाटायचा. पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे. कलम घोकून हे दोन दिवसांत विसरतं. ऑफिसात एका जोडप्याची दोन रिटर्नं बनवली की डोक्यात बसतं. घरीसुद्धा पुस्तक मिटून, आकडे घालून सोडवा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने जास्त लक्षात राहतं, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे.

‘चार तासच झोपा.’ दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. झोप कापून वाचणं म्हणजे बिलं फाडून टाकायची आणि वर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मागायचं.

‘चवथ विसरा.’ सप्टेंबरचा अटेम्प्ट चवथीच्या आसपासच येतो, त्यामुळे हा सल्ला आयांनाही पटतो. घर गावी जातं आणि मुलगा पणजीच्या फ्लॅटमध्ये एकटा मॅगी खात बसतो. माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायला आणि आरतीला गेलेल्या तासांनी कोणी नापास होत नाही. मन बिघडतं ते पंगतीतल्या काकांच्या ‘कितें रे, जालो पास?’ या प्रश्नाने. आईला आधीच सांगून ठेवा: निकालाचा विषय कोणी काढला तर तूच मध्ये पड. हे काम आया फार चोख करतात.

‘झेपत नसेल तर सीए तुमच्यासाठी नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याचा मला राग येतो. प्रत्येक पेपरात 40 आणि पेपरांच्या एका ग्रूपमध्ये एकूण 50 टक्के लागतात, म्हणजे एका टॅक्सने अख्खा ग्रूप अडकू शकतो. त्यावरून कुवत ठरत नाही. एखाद्या पेपरात 60 मिळाले तर तो पुन्हा न देण्याची सूट पुढच्या तीन परीक्षांपर्यंत चालते. 2024 पासून इंटर जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होऊ लागली, तेव्हा ‘वर्ष फुकट गेलं’ हेही जुनंच रडगाणं.

खरंच झेपेनासं झालं, झोप उडाली, जेवण जाईना, जगणंच नको वाटू लागलं, तर सिंहाचे फोटो पाहत बसू नका. घरात कोणाला तरी त्याच दिवशी सांगा. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे जाण्यावरून लोक कुजबुजतात, कुजबुजू देत. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट क्रमांक लागतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.