२२५ चित्रांची वाटणी

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला, तेव्हापासून चित्रपट हा आपल्याकडे नळाच्या पाण्यातूनच येतो अशी आमच्या गिरगावातल्या चाळीची समजूत होती. त्यामुळे १९७९ च्या गणेशोत्सवात नाटकाऐवजी चाळीनेच काढलेला चित्रपट दाखवावा या सूचनेत कोणालाही वावगे वाटले नाही. सूचना माझी होती आणि ती मागे घेण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

आदल्या डिसेंबरात अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या मावसभावाने सुपर एटचा कॅमेरा आणि रंगीत फिल्मच्या तीन डब्या आणल्या होत्या. कोडॅकने १९६५ साली बाजारात आणलेली ही ८ मिलिमीटर रुंदीची फिल्म बंद डबीत येते; डबी कॅमेऱ्याच्या खोबणीत सरकवली की झाले, पूर्वीसारखे अर्ध्यावर रीळ काढून उलटवावे लागत नाही. एका डबीत ५० फूट फिल्म, फुटाला ७२ चित्रे आणि सेकंदाला १८ चित्रे, म्हणजे एकूण ३ मिनिटे २० सेकंद. हा हिशेब मी दुसऱ्या मजल्यावरच्या अप्पांना सांगितला, ही माझी घोडचूक. हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या अप्पांनी तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडले: दहा मिनिटे, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे, प्रत्येकी साडेबारा सेकंद, म्हणजे बिऱ्हाडामागे २२५ चित्रे. वर्गणी सारखी, तर चित्रेही सारखी.

कथानक त्यामुळे आपोआपच 'सीतास्वयंवर' ठरले, कारण इतके राजे दुसऱ्या कोणत्याही कथेत मावत नाहीत. फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळेना म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले होते. माझ्याकडे सीतेसाठी नऊ जणी होत्या आणि त्यांपैकी दोघींच्या आया मंडळाच्या कार्यकारिणीवर होत्या. फिल्म मुकी आहे, असे मी प्रत्येक राजाला बजावले होते. तरीही प्रत्येकाने संवाद पाठ केले आणि ते पूर्ण झाल्याशिवाय धनुष्याला हात लावला नाही. कॅमेऱ्याची कळ मी दाबून धरली होती आणि फिल्म खटखटत संपत होती.

जनकाचा महाल तळमजल्यावरच्या खोलीत ५०० वॅटचे दोन दिवे लावून घेतला. तिसरा दिवा लावताच फ्यूज उडाला आणि अर्धी चाळ रात्रभर अंधारात माझे नाव घेत बसली. खरे संकट मात्र दुसऱ्या दिवशी गच्चीवर घडले, पण ते कळायला सात महिने लागले. ही फिल्म दिव्यांच्या प्रकाशासाठी बनवलेली असल्यामुळे उन्हात जाताना कॅमेऱ्यावरचा खटका दिव्याच्या खुणेवरून सूर्याच्या खुणेवर सरकवावा लागतो. तो मी सरकवला नव्हता. भावाने अमेरिकेत धुवून घेतलेली रिळे जुलैत कोणा येणाऱ्याबरोबर पोहोचली, तेव्हा गच्चीवरचे सारे स्वयंवर निळे होते. राम निळा दिसणे शास्त्राला धरूनच होते. पण जनक, सीता, रावण, धनुष्य आणि मागे वाळत घातलेली धोतरेसुद्धा निळी होती. "सगळ्यांतच देव असतो," असे म्हणून आमच्या शेजारच्या काकूंनी माझी बाजू सांभाळली.

गणपतीत अंगणात चादर बांधून खेळ लावला. आपले बिऱ्हाड आले की त्या बिऱ्हाडातून टाळ्या, एरवी शांतता, अशा रीतीने सहा मिनिटे सुखरूप गेली. मग वसिष्ठांच्या वेषातले अप्पा पडद्यावर आले, त्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला आणि नेमकी तिथेच फिल्म प्रोजेक्टरच्या दिव्यासमोरच्या खाचेत अडकली. अप्पांच्या कपाळावर एक तपकिरी फोड उठला, तो पसरत दाढीपर्यंत गेला आणि वसिष्ठ भस्म झाले. त्या संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी तीच. पोरांनी वन्समोअर दिला.

अशा फिल्मची निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टी तीच पडद्यावर चालते, त्यामुळे जळले ते गेलेच. मी कंदिलाच्या उजेडात जळका तुकडा कापला, चिकटपट्टीने टोके जोडली आणि खेळ पुढे चालू केला. अप्पा मात्र चादरीकडे न पाहता माझ्या पायाशी वाकून तो तुकडा शोधत होते. सापडल्यावर त्यांनी तो दिव्यासमोर धरून बोटाने मोजला.

"अकरा," ते म्हणाले. "आमच्याकडे २१४ च आली. उरलेली कधी देतोस?"